डाव्या नळीतलं काडतूस

वारा दुपारी जेवणाच्या वेळेला फिरला. सकाळपासून दक्षिणेकडून येणारी कोमट, चिकट हवा एकदम थांबली आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीची जाळी थरथरायला लागली. एल्फेजनं गंबोच्या दाट रश्शाच्या वाडग्यात चमचा तसाच ठेवला, मान वळवली आणि खिडकीकडे बघत राहिला.

"आली," तो म्हणाला.

"कोण आली?" लेकीचं, ओडीलचं, तोंड पुसत नोएलीनं विचारलं.

"थंडी. आता बदकं खाली उतरतात बघ. संध्याकाळपर्यंत तळं भरेल."

नोएलीचा नवरा ब्लेन उठलाच होता. त्याला कॉफी हवी होती. त्यानं कपाटाचं दार ओढलं, परत ओढलं, आणि मग दाराला टाळी वाजवून हात जोडले. "देवी, दार उघड."

"फ्रिजवर आहे चावी," नोएली म्हणाली.

चावी म्हणजे लिंबाएवढा जाड लोहचुंबक. दारावर ठराविक जागी धरला की आतली कडी सुटायची. ओडील रांगायला लागल्यावर नोएलीनं तो मागवला होता आणि एका रविवारी एकटीनं सगळ्या कपाटांना आतून कड्या बसवल्या होत्या. चौदा महिन्यांच्या पोरीला विष, सुऱ्या, काच यांतलं काही सापडू नये म्हणून. आता तिच्या नवऱ्यालाही साखर सापडत नव्हती.

"पापा, बँकेतसुद्धा एवढा बंदोबस्त नसतो," ब्लेन म्हणाला. "परवा मला घरात एक चमचा मोकळा दिसला. मीच घाबरलो."

एल्फेज हसला नाही. सुनेच्या बाजूनंही बोलला नाही. वाडग्यातला शेवटचा भात खरवडून घेत म्हणाला, "चुंबकाचं बरं आठवलं. गेल्या आठवड्यात बांधावर नवा रखवालदार भेटला. शिकारखात्याचा. चोवीस-पंचवीसचा असेल. माझ्या खिशातली काडतुसं काढून त्यानं चुंबक लावला. एकही चिकटेना. म्हणाला, आजोबा, हे शिसं आहे. शिशावर तीस वर्षांपासून बंदी आहे, माहीत नाही का?"

"मग?"

"मग काय. एक काडतूस चिरून छर्रा काढला आणि दगडावर ठेवून हातोडीनं ठेचला. शिसं असतं तर चपटं झालं असतं. याचा भुगा झाला. म्हटलं, पोरा, याला बिस्मथ म्हणतात. चुंबकाला चिकटतं ते ब्लेनचं स्टील. माझं नाही चिकटत."

"एवढा खटाटोप कशाला करायचा?" ब्लेन कॉफी ओतत म्हणाला. "आजोबांची बंदूक भिंतीवर टांगा नि माझी दुसरी घ्या. तिच्यात दुकानातलं काहीही चालतं."

"भिंतीवर मला टांग आधी."

ती बंदूक दाराशी उभी होती. एल्फेजच्या बापाची दुनळी. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या तिच्या नळ्यांवर सापाच्या कातीसारखी नक्षी होती आणि तोंडाशी त्या इतक्या पातळ होत्या की नोएलीला त्यांच्याकडे बघवत नसे. डावी नळी टोकाला आवळलेली होती, लांबचं पाखरू टिपण्यासाठी. एल्फेज तिच्या लग्नानंतर दिवाणखान्यातल्या पहिल्याच गप्पांत तिला सांगून चुकला होता: शिसं लोण्यासारखं, बिस्मथ बिस्किटासारखं, अडचणीच्या वाटेतून जाताना ते स्वतः चुरतं. स्टील हटवादी. ते आकसत नाही. ते आवळलेल्या तोंडातून जायचं म्हटलं तर नळीलाच सरकावं लागतं, आणि एवढी जुनी नळी सरकत नाही, फाटते. धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिच्याखाली असतो.

म्हणून तो आपली काडतुसं मागच्या शेडमध्ये स्वतः भरायचा, दारू हलकी ठेवून, बिस्मथ घालून. टरफलं मात्र विकत घेत नसे. शिकार संपली की पाण्यावर तरंगणारी ब्लेनची रिकामी हिरवी टरफलं वेचून आणायचा, कारण पाण्यात कचरा सोडलेला त्याला खपत नसे, आणि तीच पुन्हा भरायचा. त्यांची तोंडं इतकी नेटकी मिटवायचा की, त्याच्याच शब्दांत, कारखान्याच्या बापालाही ओळखू आलं नसतं. टरफलावर काय छापलंय ते तो बघतच नसे. पत्र्याच्या डब्यातली आपली, बाकी सगळी ब्लेनची, एवढा साधा हिशेब.

जेवण झाल्यावर त्यानं मागच्या पडवीतल्या वरच्या फळीवरून तो कॉफीचा जुना डबा काढला आणि सगळी काडतुसं अंगरख्याच्या खिशात ओतली. खडखडाट ऐकून ओडील हसली. नोएलीलाही बरं वाटलं. तेवढाच घरातून एक डबा कमी.

"संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत या," ती दाराशी म्हणाली.

"सूर्याला सांगतो," ब्लेन म्हणाला. बापलेक ट्रकमध्ये बसले, मागे डोणी बांधलेली होती, आणि गेले.

तीन वाजता ओडीलला खाऊ द्यायचा होता. नोएलीनं ओट्यावरून चुंबक उचलला, तेवढ्यात ओडील खुर्चीत उभी राहायला लागली म्हणून तो स्वेटरच्या खिशात टाकला, पोरीला खाली बसवलं, पट्टा आवळला आणि खिशात हात घातला. चुंबक बाहेर आला तो एकटा आला नाही. त्याला काहीतरी लोंबत होतं.

हिरवं काडतूस. तिच्या लगेच लक्षात आलं कुठलं ते. तीन दिवसांपूर्वी ते तिनं ओडीलच्या तोंडातून काढलं होतं. पडवीतला खालचा खण ओढून पोरगी तिथे बसली होती आणि कणीस चघळावं तसं चघळत होती. त्याच्या अंगावर चार बारीक दातांचे ठसे होते. का कोण जाणे, ते तिच्यानं फेकवलं नव्हतं.

ती ते ओढून काढायला गेली आणि थांबली. पितळी बूड चिकटलेलं नव्हतं. बूड मोकळं होतं. प्लास्टिकचं अंग चिकटलं होतं, मधोमध, छर्रे असतात तिथे. तिनं चुंबक हळूच खाली सरकवला तसे आत छर्रे कुरकुरले.

चुंबकाला चिकटतं ते ब्लेनचं स्टील.

बरोबरच होतं. खण ब्लेनचा होता. शिकारीहून आला की उरलेली तो त्यात टाकायचा आणि पुढच्या वेळी नवी पेटी फोडायचा; खणात काय आहे हे त्याला कधी ठाऊक नसे. पण त्या दिवशी त्या खणात हे एकच नव्हतं. मूठभर होती. तिनं ती गोळा केली होती, आणि उंचावर, पोरीचा हात कधी पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवली होती. वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. आत तशीच हिरवी काडतुसं होती, तेच अक्षर, तोच आकडा. तिनं ओंजळ त्यात रिकामी केली होती आणि डबा हलवून झाकण लावलं होतं.

डबा हलवला होता. हे तिला नेमकं आठवलं.

ती पडवीत गेली. डबा रिकामा होता. तिनं तरी बोट घालून तळ चाचपला.

ब्लेनचा फोन वाजत राहिला. तिनं पुन्हा लावला. मग एल्फेजचा लावला तर तो त्याच्याच खोलीत, उशीखाली वाजला. घड्याळात सव्वातीन. ते जाऊन पाऊण तास झाला होता. गाडीनं बांधापर्यंत पंधरा मिनिटं, डोणी उतरवायला दहा, शिकारीच्या खोपीपर्यंत वल्हवायला दहा, पाखरांना भुलवायची लाकडी बदकं पाण्यात मांडायला दहा. म्हणजे आता. ते आता बसले असतील, गवताच्या खोपीत, खांद्याला खांदा लावून. ब्लेन नेहमी बापाच्या डावीकडे बसायचा.

तिनं ओडीलला उचललं. कुणाकडे ठेवावी असा विचार तिच्या मनात आला आणि गेला. शेजारच्या मिस विल्मा शुक्रवारी पत्ते खेळायला जातात. पोरीला गाडीतल्या खुर्चीत बसवून तिनं पट्टे लावले, एकदा ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले, आणि स्वतःचा पट्टा लावायची विसरली.

दलदलीच्या कडेचा बांध घरापासून अकरा मैल. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापलेला ऊस आणि मग काळं पाणी. ती ज्या वेगानं चालली होती त्या वेगानं कुणी पोरीला घेऊन चाललेलं दिसलं असतं तर तिनं मागे लागून त्याला सुनावलं असतं. ओडील मागे गात होती. नोएली मनात एकच गोष्ट घोकत होती: डब्यात त्याची वीसेक, आपली मूठभर. बहुतेक वेळा हात त्याच्याच काडतुसावर पडेल. बहुतेक वेळा. कॉलेजात तिला हा विषय होता, दोन प्रकारच्या गोट्या, एक पिशवी. तेव्हा पिशवीत हात घालणाऱ्या माणसाचा चेहरा कधी डोळ्यांपुढे आला नव्हता.

बांधावर दोन ट्रक उभे होते. एक ब्लेनचा. काचेतून तिला दिसला, पुढच्या सीटवर पडलेला त्याचा फोन. गेल्या वर्षी एक पाण्यात पडल्यापासून तो फोन बरोबर नेत नसे. दुसऱ्या ट्रकला टेकून वॉरन उभा होता. एल्फेजच्या ओळखीचा, पन्नाशीचा, डोळ्यांना दुर्बीण लावलेली.

"वॉरनकाका, तुमची होडी आहे?"

"भाचा घेऊन गेलाय तिकडे. का?"

"मला पापांपर्यंत जायचंय. आत्ता."

"आत्ता?" वॉरननं दुर्बीण खाली घेतली. "आत्ता कुणी जात नाही, बाई. पाखरं उतरायची वेळ आहे. आत्ता कुणी पाण्यात शिरलं तर चारही खोपींतली माणसं तुमच्या नावानं शिव्या देतील. काय झालं, घरी काही?"

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तळ्यातून बार आला.

एल्फेजच्या बंदुकीचा आवाज सगळ्यांहून वेगळा होता. ब्लेनची कडाडायची, म्हाताऱ्याची नुसती धप्प करायची, ओल्या गादीवर कुणी बसल्यासारखी. ही धप्प होती. नोएली जागच्या जागी उभी राहिली. तीनशे पावलांवर, पाण्यापलीकडे, गवताच्या खोपीवर थोडा धूर होता. एक पाखरू पाण्यावर पडत होतं. मग खोपीतून तपकिरी टोपी वर आली, वळली, पुन्हा खाली गेली.

"वा," वॉरन म्हणाला. "या वयात."

टोपी आहे म्हणजे डोकं आहे. आता तो बंदूक मधोमध उघडेल, रिकामं टरफल काढेल, खिशात हात घालेल. पिशवीत हात.

तिनं हाक मारली. उत्तरेचा वारा होता. हाक तिच्याच तोंडात परत आली. तिनं पुन्हा मारली, दोन्ही हात हलवले.

"नाही ऐकू येणार," वॉरन म्हणाला. "आणि हलू नका अशा. आली बघा."

ती वळली. तिच्या मागून, उसाच्या शेतांवरून, पाखरांचा थवा खाली येत होता. चाळीस असतील. पाखरं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात; म्हणजे ती आधी तळ्यावरून पुढे निघून गेली होती, बांधाच्या मागे वळली होती आणि आता पंख ताणून बांधावरून, तिच्या डोक्यावरून, सरळ खोपीसमोरच्या लाकडी बदकांकडे निघाली होती. पुढच्या अर्ध्या मिनिटात दोन्ही बंदुका उठणार होत्या. पहिला बार उजव्या नळीचा, जवळच्यासाठी. दुसरा डाव्या नळीचा, पळणाऱ्यासाठी.

खोपीपर्यंत ती पोचू शकत नव्हती. पण पाखरांना अजून बांध ओलांडायचा होता.

ती आपल्या गाडीकडे धावली, दार उघडलं आणि भोंग्यावर दोन्ही तळहात ठेवून पूर्ण भार टाकला.

आवाज इतका मोठा होता की ओडील क्षणभर गप्प झाली आणि मग किंचाळून रडायला लागली. काचेतून नोएलीनं पाहिलं: थव्याची पुढची टोकं वर उचलली गेली, सगळा थवा फाटल्यासारखा दोन्हीकडे झाला आणि कलत, घाबरत पूर्वेकडे निघून गेला. तिनं हात काढले नाहीत. वॉरन खिडकीशी येऊन काहीतरी बोलत होता. पलीकडच्या खोपीतून कुणीतरी उभं राहून मुठी हलवत होतं. दुसरा थवा बांधाजवळ येतायेताच वळला. पोरगी लाल झाली होती आणि नोएली तिच्याकडे आरशातून बघत, "झालं, सोन्या, झालं," म्हणत भोंगा दाबत राहिली.

मग खोपीमागून डोणी निघाली. ब्लेन वेड्यासारखा वल्हवत होता. तेव्हा तिनं हात काढले.

"ओडीलला काय झालं?" डोणी काठाला लागायच्या आधीच ब्लेननं पाण्यात उडी टाकली. तो गुडघाभर चिखलातून आला, दार उघडलं, पोरीला चाचपलं, बाहेर काढलं. पोरगी सुखरूप होती. त्यानं नोएलीकडे पाहिलं. "ती ठीक आहे."

"हो."

"मग तू काय केलंस हे?"

"घरात चमचा मोकळा दिसला असेल," वॉरन म्हणाला. त्याला हे कसं ठाऊक, ते नोएलीच्या लक्षात आलं. म्हणजे ब्लेन ते बाहेरही सांगतो.

एल्फेज सावकाश वर आला. बंदूक मधोमध उघडून हातावर घेतलेली, रिकामी. डोणीत बसताना बंदूक भरलेली ठेवायची नाही हा त्याचा नेम. काढलेली दोन काडतुसं तो टोपीच्या पट्टीत खोचायचा, उजव्या नळीचं उजवीकडे, डाव्या नळीचं डावीकडे. त्याचा चेहरा वाऱ्यानं लाल झाला होता. वयाच्या बहात्तराव्या वर्षी सबंध तळ्यासमोर सुनेनं त्याची शिकार उधळली होती.

"पोरी," तो म्हणाला. "काय ते बोल."

तिनं खिशातून चुंबक काढला आणि हात पुढे केला. त्याला कळलं नाही. मग तिनं त्याच्या टोपीकडे बोट दाखवलं.

त्यानं उजवीकडचं काडतूस काढून दिलं. तिनं चुंबक त्याच्या अंगाला लावला आणि सोडलं. ते घसरून ब्लेनच्या ट्रकच्या मागच्या फळीवर पडलं.

डावीकडचं काढताना त्याचा हात मध्येच थांबला. त्याला समजलं असावं. तिनं चुंबक नीट टेकवलाही नाही. काडतूस टक्कन उडी मारून बसलं.

वॉरननं टोपी काढून डोकं खाजवलं. ब्लेन पोरीला घेऊन तसाच उभा होता. त्याचं लक्ष काडतुसावर होतं, मग बापाच्या डाव्या हातावर, मग खोपीत आपण जिथे बसलो होतो तिकडे.

एल्फेज फळीवर बसला. बंदूक त्यानं शेजारी आडवी ठेवली, आणि म्हणाला, "झालं म्हणजे. भरताना डबे चुकले माझे. डोळ्यांनी दगा दिला." त्यानं डाव्या नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "ब्लेन, तू म्हणतोस ते खरं. टांगून टाक हिला."

"टांगू, पापा," ब्लेन हलक्या आवाजात म्हणाला. "सावकाश टांगू."

नोएलीला वाटलं, आता गप्प राहिलं तर काम होतं. या घरात आल्यापासून ती बंदूक दारात उभी होती. तिच्यापायी नोएलीला झोप लागत नसे. एक शब्द न बोलता ती भिंतीवर जाणार होती. पोरगी वाढणार होती त्या घरात. कुणी खोटं बोललेलं नव्हतं. म्हातारा स्वतःच म्हणत होता.

तो अंगठा अजून फिरवत होता. डोळे मिचकावत स्वतःची बोटं बघत होता, ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "मी मिसळली."

तिनं सगळं सांगितलं. खण, पोरीच्या तोंडातलं काडतूस, ओंजळ, डबा. हलवला तेही सांगितलं. दातांचे ठसे असलेलं ते काढून त्याच्या हातात दिलं.

एल्फेजनं ते डोळ्यांजवळ नेऊन ठसे पाहिले. "तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवस घरात बोलायला तोंड नव्हतं तुला?"

"हसला असतात तुम्ही सगळे."

ब्लेननं ओडीलच्या टोपीची नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच होती ती.

"हसलो असतो," एल्फेज म्हणाला. तो वॉरनकडे वळला. "तुझ्या भाच्याला सांग, आजची बुडालेली शिकार माझ्या नावावर. शिव्याही."

मग त्यानं खिसा उलटा करून सगळी काडतुसं फळीवर ओतली, आणि तिच्याकडे हात पसरला. नोएलीनं चुंबक दिला. तो एकेक काडतूस घेऊन अंगाला लावत गेला, घाई न करता. पडणारी उजवीकडे, चिकटणारी डावीकडे. उजेड कमी होत होता. वरून पाखरं पुन्हा यायला लागली होती आणि चारही खोपींतून बार होत होते, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. सगळी संपल्यावर त्यानं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. पट्टे दोनदा ओढून बघणाऱ्या बाईला ते बघायला बरं वाटलं.

मग खिशातून मासेमारीची दोरी काढून त्यानं चुंबकाला दोन गाठी मारल्या आणि गळ्यात अडकवला. अंगरख्याच्या आत टाकला. बंदूक उचलून खांद्यावर घेतली.

"पापा, माझी कपाटं," नोएली म्हणाली.

"दुसरा मागव," एल्फेज म्हणाला. "दोन मागव. ब्लेनलाही लागेल."

त्या रात्री कॉफी हवी झाली तेव्हा ब्लेननं दाराला टाळी वाजवली नाही. बापाला खुर्चीतून उठवलं, आणि एल्फेज कपाटाशी जाऊन, छाती दाराला टेकवून, कडी सुटायची वाट बघत उभा राहिला.